कोड कॉइलचा, दोष अर्थचा: मिलिंग अटॅचमेंटच्या एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबई महानगर परिसरातल्या एका रस्ते कंत्राटदाराकडचं आहे. कंत्राटदाराचं आणि यंत्राच्या बनावटीचं नाव इथे दिलेलं नाही. पावसाळ्याआधीची डांबरी पॅचची कामं मे अखेर उरकायची असतात, म्हणून एप्रिल आणि मेमध्ये त्याची यंत्रं रोज रात्री रस्त्यावर असतात. दिवसा वाहतूक सोडायची, रात्री दहानंतर रस्ता अडवायचा आणि पहाटे मोकळा करून द्यायचा. एखादं यंत्र मध्यरात्री थांबलं, तर कापून ठेवलेला खड्डा सकाळच्या गर्दीसमोर उघडा राहतो. म्हणूनच इथे प्रत्येक निर्णय घाईत घ्यावा लागत होता.

यंत्र म्हणजे स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढे वेगवेगळी अवजारं जोडता येणारा छोटा लोडर, आणि त्याच्या पुढे जोडलेलं मिलिंग अटॅचमेंट. कार्बाइडच्या टोकाचे दात बसवलेला ड्रम खराब डांबर चौकोनात कापून काढतो. ड्रम फिरतो लोडरच्या हायड्रॉलिक तेलावर. विजेकडे तशी छोटी कामं असतात: उजव्या आणि डाव्या बाजूची खोली कमीजास्त करणं, ड्रम बाजूला सरकवणं, तिरपा करणं. या प्रत्येक कामासाठी एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो: त्याच्या कॉइलमधून, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीतून, करंट गेला की तो तेलाची वाट उघडतो. ते व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर या अटॅचमेंटमध्ये अटॅचमेंटवरच बसवलेला आहे. लोडरशी तो कॅनच्या, म्हणजे कंट्रोलरांमध्ये संदेश नेणाऱ्या, दोन वायरींवरून बोलतो. वीज, अर्थ (करंट बॅटरीच्या वजा टोकाकडे परत नेणारी वाट) आणि कॅन या तिन्ही गोष्टी एकाच १४ पिनांच्या कपलरमधून, म्हणजे वायरींच्या जोडणीतून, येतात.

आणखी एक गोष्ट होती, पण ती पुढे विचारल्यावरच कळली. धूळ बसावी म्हणून पाणी मारणारा १२ व्होल्टचा पंप मूळ अटॅचमेंटबरोबर आलेला नव्हता. तो नंतर बसवला होता आणि त्याची वीज व अर्थ दोन्ही याच हार्नेसमधून, म्हणजे वायरींच्या जुडग्यातून, काढले होते.

अडचण

ऑपरेटरची तक्रार अशी होती: काम सुरू केल्यावर तासभर सगळं ठीक चालतं. मग डिस्प्लेवर उजव्या बाजूच्या खोलीच्या सोलेनॉइडचा कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, येतो. कधी तो आपोआप जातो, कधी किल्ली बंद-चालू करावी लागते. तरीही काम रेटलं, तर थोड्या वेळाने अटॅचमेंटशी संपर्क तुटल्याचा कोड येतो, लोडर अटॅचमेंटचं तेल बंद करतो आणि ड्रम थांबतो. ड्रम थांबणं हा बिघाड नाही हे आधीच सांगायला हवं. कंट्रोलर गप्प झाला तर धारदार ड्रम फिरत राहू नये, म्हणूनच तशी रचना केलेली असते. ती रचना ‘तात्पुरती’ म्हणूनसुद्धा कोणी बायपास करू नये.

या यंत्रात कोड दोन भागांत दिसतो: कोणत्या सर्किटमध्ये, आणि काय प्रकारची गडबड. जे१९३९ या कॅनवरच्या संदेशांच्या प्रमाणावर चालणाऱ्या यंत्रांमध्ये दुसऱ्या भागाला एफएमआय म्हणतात. ३ म्हणजे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला लागलेली, ९ म्हणजे संदेश वेळेवर येत नाहीत. इथे सोलेनॉइडच्या कोडमागे ५ होता आणि संपर्काच्या कोडमागे ९.

हा दुसरा आकडा सुरुवातीला कोणीच टिपून ठेवला नव्हता. डायरीत नोंद होती ती “उजवं सोलेनॉइड एरर” एवढीच.

आधी झालेली कामं

बिघाड शोधायला आम्ही तिथे पोहोचेपर्यंत दोन गोष्टी झाल्या होत्या. दोन्ही समजण्यासारख्या होत्या आणि दोन्हींनी दिशाभूल केली.

पहिली म्हणजे उजव्या सोलेनॉइडची कॉइल बदलली गेली. कोड तिचंच नाव घेत होता आणि यंत्राच्या पुस्तकातल्या संभाव्य कारणांच्या यादीतही कॉइल सर्वात वर होती. नवी कॉइल लावून यार्डात चालवून पाहिलं तर कोड आला नाही. बिघाड गेला असं समजून यंत्र साइटवर गेलं आणि त्याच रात्री, तासाभराने, तोच कोड परत आला.

दुसरी म्हणजे अदलाबदल. कंत्राटदाराकडे त्याच प्रकारचा आणखी एक लोडर होता. अटॅचमेंट त्याला जोडून दिवसा यार्डात चालवलं. कोड आला नाही. यावरून दोष पहिल्या लोडरमध्येच आहे असा निष्कर्ष निघाला आणि त्याची वायरिंग उघडायला घेतली. त्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी होती, त्यामुळे पंप चालवलाच नव्हता. हे तेव्हा कोणाला महत्त्वाचं वाटलं नाही.

समोरचे पर्याय

कंत्राटदाराच्या केबिनमध्ये बसून बोलणं झालं तेव्हा चार पर्याय पुढे आले.

नवा कंट्रोलर मागवणं हा पहिला. कॉइल नवी असूनही कोड येतो, वर संपर्कही तुटतो, म्हणजे कंट्रोलरच गेला असा अंदाज होता. पण तो परदेशातून यायचा, किंमत लाखाच्या घरात, आणि यायला महिना तरी लागणार होता. शिवाय विजेचे सुटे भाग एकदा उघडले की बहुतेक परत घेतले जात नाहीत.

दुसरा पर्याय लोडरचा पूर्ण हार्नेस बदलण्याचा होता. यात लोडर बरेच दिवस उभा राहिला असता.

तिसरा साइट सुपरवायझरचा होता: पंप बंद ठेवून काम चालवायचं आणि धुळीसाठी टँकरने आधीच पाणी मारून घ्यायचं. “साहेब, पंप बंद असला की एरर कमी येतो,” असं तो सहज बोलून गेला. पूर्ण प्रकरणात यापेक्षा मोलाची माहिती कोणी दिली नसेल. कंट्रोलर खरोखर खराब असता, तर पाण्याच्या पंपाचा त्याच्याशी काय संबंध?

चौथा पर्याय म्हणजे एक रात्र काम थांबवून, बिघाड ज्या परिस्थितीत येतो त्याच परिस्थितीत मोजमाप घेणं. कंत्राटदाराला एक रात्र गमावणं जड जात होतं आणि ते रास्तच होतं. पण चुकीचा कंट्रोलर मागवला असता तर आख्खा महिना जाणार होता. सुपरवायझरचं वाक्य पुन्हा समोर ठेवलं तेव्हा त्याने चौथा पर्याय मान्य केला.

मोजमाप

सुरुवात सुरक्षेपासून केली. लोडरचे हात पूर्ण खाली, अटॅचमेंट जमिनीवर टेकलेलं, ड्रमचं तेल बंद. मीटरच्या लांब वायरी आधी जोडून बाहेर आणल्या, मगच इंजिन सुरू केलं. ऑपरेटर सीटवर, सेफ्टी बार खाली, आणि अटॅचमेंटजवळ कोणीही नाही. ड्रम फिरत असताना जवळ उभं राहून वायर तपासायची, हे कितीही घाई असली तरी होता कामा नये.

इंजिन बंद असताना कॅनच्या दोन वायरींमधला रोध मोजला. तो ६० ओहम आला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, दोन्ही जागेवर असतील तर मिळून ६० दिसतो. १२० दिसला असता तर कुठेतरी वायर तुटलेली आहे किंवा एका टोकाचा रोधक निघालेला आहे असं समजलं असतं. म्हणजे संपर्क तुटण्याचं कारण कॅनच्या वायरींमध्ये असण्याची शक्यता खूपच कमी झाली.

कॉइल थंड असताना ७ ओहम दाखवत होती. तेही ठीक होतं.

मग कपलरमध्ये वीज. आधीच्या इलेक्ट्रिशियननेही हे मोजलं होतं आणि त्याला १२.६ व्होल्ट मिळाले होते. आम्हालाही तेवढेच मिळाले. पण या आकड्यावर विसंबता येत नाही. मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही, आणि करंट वाहिला नाही तर खराब जोडातही व्होल्टेज पडत नाही. पाइप मध्येच चेपलेला असला तरी नळ बंद असेपर्यंत दाब पूर्णच दिसतो, तसंच हे आहे. वायरचा रोध ओहमवर मोजायलाही इथे अर्थ नव्हता: साध्या मीटरच्या स्वतःच्या प्रोबचा रोधच ०.२ ते ०.३ ओहम असतो आणि आम्ही शोधत होतो तो दोष जेमतेम तेवढाच होता.

म्हणून भार देऊन मोजलं. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. कंट्रोलरच्या पिनांवर, एक कॉइल चालू आणि पंप बंद असताना, १३.२ मिळाले. पंप चालू केला आणि आकडा १०.५ वर आला. पंप सुरू होण्याच्या क्षणी मीटरच्या किमान नोंदीत ७ च्या थोडं वर दिसलं. प्रत्यक्षात तो याहूनही खाली गेला असेल, कारण इतका झटपट बदल साध्या मीटरला पूर्ण पकडता येत नाही. एवढ्या कमी व्होल्टेजवर कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या वेळात लोडरला त्याचे संदेश मिळत नाहीत. ९ चा कोड इथून येत होता.

५ चा कोडही याच आकड्यांतून उलगडतो, आणि नवी कॉइल यार्डात का ‘बरी’ वाटली हेही. कंट्रोलर कॉइलमधून १.४ अँपिअर वाहावेत अशी अपेक्षा करतो. थंड कॉइल ७ ओहमची असते, त्यामुळे १०.५ व्होल्टवरही ती कसाबसा तेवढा करंट घेते. पण कॉइल कामात तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आधीपेक्षा ६० अंशांनी जास्त तापलेली कॉइल साडेआठ ओहमच्या पुढे जाते. मग १०.५ व्होल्टमध्ये १.४ अँपिअर वाहूच शकत नाहीत. कंट्रोलरच्या दृष्टीने करंट कमी, म्हणून त्याने कोड दिला. त्याने पाहिलं ते अगदी खरं होतं, फक्त करंट कमी का झाला हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. उजवी बाजूच सतत का? ऑपरेटर कडेच्या दगडालगत काम करताना उजव्या बाजूची खोली वारंवार बदलत होता, त्यामुळे तीच कॉइल सर्वात आधी तापत होती.

दोष कुठे होता

१३.९ मधले ३.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते. जाण्याच्या वाटेवर, म्हणजे बॅटरीच्या अधिक टोकापासून कंट्रोलरच्या वीज पिनपर्यंत, फक्त ०.४ पडत होते. उरलेले ३.० परतीच्या वाटेवर, अर्थमध्ये. या वाटेवर पूर्ण भारात अर्धा व्होल्ट पडला तरी तो जास्त समजायला हवा.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलवर ठेवून दुसरं टप्प्याटप्प्याने पुढे नेलं, पंप चालू ठेवून. लोडरच्या चॅसीवर (सांगाड्यावर) ०.०५. कपलरच्या लोडरकडच्या बाजूला ०.१. कपलरच्या अटॅचमेंटकडच्या बाजूला ०.९. कंट्रोलरच्या अर्थ पिनवर ३.०. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते: ०.८ कपलरच्या पिनमध्ये आणि २.१ त्यापुढच्या वायरमध्ये.

कपलरची ती मादी पिन सैल झाली होती. आत काळपट थर होता आणि तोंड किंचित फाकलेलं. आधीच्या तपासण्यांत मीटरचा जाड प्रोब तिच्यात खुपसला गेला असावा असं मला वाटतं. ही चूक फार ठिकाणी होते. मादी पिनमध्ये त्याच मापाची टेस्ट पिन घालायची, नाहीतर मागच्या बाजूने वायरलगत बारीक प्रोब सरकवायचा. तपासणीनेच नवा दोष तयार झाला तर तो शोधणं फार कठीण जातं.

मोठा दोष होज पाइपांच्या जाळीत दडलेला होता. पंप बसवताना अर्थची वायर कापून, त्यात पंपाची वायर घालून, तिन्ही टोकं पिळली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. जागा नेमकी पाण्याच्या फवाऱ्यामागची. यार्डही खाडीजवळचं, हवेत खारटपणा. टेप काढली तेव्हा पिळ्यातल्या बऱ्याच तारा तुटलेल्या निघाल्या आणि हिरवा थर इन्सुलेशनच्या आत बोटभर चढलेला होता.

खात्री करण्यासाठी बॅटरीच्या वजा टर्मिनलपासून कंट्रोलरच्या अर्थपर्यंत एक जाड वायर तात्पुरती लावली. आकडा लगेच १३ च्या वर गेला. पंप चालू ठेवून, कॉइल पूर्ण तापवूनही कोड आला नाही.

दुरुस्ती

सुपरवायझरचं म्हणणं होतं की ही जाड वायर अशीच राहू द्यावी आणि आजच यंत्र साइटवर न्यावं. यावर बराच वेळ बोलणं झालं. ती वायर लोडरच्या हातांच्या सांध्यावरून लोंबत होती. हात वर-खाली होताना ती चिमटली असती, तुटली असती, किंवा बॅटरीच्या अधिक टोकाच्या वायरला घासून शॉर्ट झाली असती. शिवाय जुना कुजका जोड तसाच राहिला असता. म्हणून ती काढली.

वायर चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापली आणि नवा तुकडा योग्य क्रिंपने (दाबून बसवायच्या धातूच्या जोडाने) जोडून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी बसवली. कपलरची पिन बदलली. नवा जोड फवाऱ्यापासून दूर आणला आणि वायरीला होजबरोबर थोडी सैल वळी दिली, म्हणजे अटॅचमेंट तिरपं होताना ताण येणार नाही.

पंप हार्नेसमधून पूर्णपणे बाहेर काढला. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतःचा दोन पिनांचा कपलर दिला. जुनं बटण आता फक्त रिले चालवतं. पंप ८ अँपिअर घेतो, आणि तो भार कंट्रोलरच्या अर्थमधून जाऊ न देणं हीच या दुरुस्तीतली मुख्य गोष्ट. नुसता जोड नवा केला असता तर तोही काही पावसाळ्यांनी याच वाटेने गेला असता.

निकाल

पंप आणि कॉइल दोन्ही चालू असताना कंट्रोलरवर आता १३.७ व्होल्ट मिळाले. अर्थच्या वाटेवरची पडझड ०.१ च्या आत आली. नवा कंट्रोलर मागवावा लागला नाही, लोडरचा हार्नेस परत बंद केला आणि त्या हंगामातली उरलेली कामं मुदतीत झाली. आधी काढलेली ‘खराब’ कॉइल तपासली, ती पूर्ण चांगली होती. ती आता सुटा भाग म्हणून ठेवली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवसापासून पूर्ण कोड लिहिला गेला असता तर बराच वेळ वाचला असता. दोन्ही आकडे, वेळ, पंप चालू की बंद, दिवे चालू की बंद, काम सुरू होऊन किती वेळ झाला. किल्ली बंद-चालू करण्याआधी मोबाइलवर डिस्प्लेचा फोटो काढला तरी पुरतं. या प्रकरणात ५ आणि ९ एकामागून एक येतात, तेही पंपासोबत, एवढं कागदावर असतं तर वीजपुरवठ्यावर संशय पहिल्याच दिवशी गेला असता. सर्किटं वेगवेगळी पण कोड बरोबरीने येतात, तेव्हा त्या सर्किटांत सामाईक काय आहे हे आधी पाहावं. बहुतेक वेळा ते वीज किंवा अर्थच असतं.

अदलाबदलीची चाचणी मुळात चांगली होती. ती रात्री, टाकी भरून, पंप चालवून आणि कॉइल तापेपर्यंत केली असती तर दोष अटॅचमेंटबरोबर दुसऱ्या लोडरवर गेलेला दिसला असता. मग पहिल्या लोडरची वायरिंग उघडावीच लागली नसती.

कॉइल बदलण्याचा निर्णय मात्र मी पूर्ण चुकीचा म्हणणार नाही. ती स्वस्त आहे आणि दोन बोल्टांवर निघते. पण बदलण्याआधी डाव्या आणि उजव्या कॉइलचे कपलर आपसांत बदलून पाहायला हवे होते, अर्थात ड्रमचं तेल बंद ठेवून, कारण तेव्हा उजवं बटण डावी बाजू हलवतं. पंप चालू ठेवून, दोन्ही कॉइल तापवून ही चाचणी केली असती तर डावी कॉइल जोडूनही उजव्या सर्किटवर कोड आला असता, आणि कॉइल निर्दोष असल्याचं एक रुपयाही न खर्चता कळलं असतं.

आणि ऑपरेटरला, सुपरवायझरला आधी विचारायला हवं होतं: या अटॅचमेंटवर नंतर काय जोडलं, कुठे वेल्डिंग झालं का, कधी कमी येतो हा एरर? पंपाची गोष्ट सुपरवायझरला पहिल्यापासून माहीत होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर याच अटॅचमेंटवर डाव्या बाजूच्या सोलेनॉइडचा कोड आला, पुन्हा ५. ऑपरेटरने या वेळी दोन्ही आकडे आणि वेळ लिहून पाठवली होती, आणि पंप बंद असतानाही कोड येतो हेही कळवलं होतं. कंट्रोलरवर भारात व्होल्टेज पूर्ण मिळालं. कपलर आपसांत बदलले तेव्हा कोड कॉइलबरोबर दुसऱ्या बाजूला गेला. या वेळी खरोखरच कॉइल तुटलेली होती, आणि ठेवून दिलेली जुनी कॉइल तिथे बसली.